पावसाच्या तोंडावर सोसायटीत मरून पडणारे पक्षी: गच्चीतल्या दिव्यांमुळेच का?

मृगाचाकिडा

नमस्कार मंडळी. आमची सोसायटी पनवेलच्या पुढे, कर्नाळ्याच्या बाजूला. चौदा मजली तीन इमारती, पाठीमागे डोंगराची सोंड, समोर हायवे. बिल्डरने ताबा देतानाच गच्चीवर कॉम्प्लेक्सच्या नावाची भलीमोठी अक्षरं आणि त्यांच्यावर खालून वर मारलेले चार फोकस लावून दिले होते. पुढे एका दिवाळीत कमिटीने हौसेने इमारतीच्या कडांना निळ्या-पांढऱ्या एलईडी पट्ट्या लावल्या. दिवाळी गेली, पट्ट्या राहिल्या. संध्याकाळी सातला लागतात, सकाळी वॉचमनदादा आठवण झाली की बंद करतात.

आता प्रश्न. मे संपता संपता, पहिला पाऊस पडायच्या आसपास, पहाटे बी विंगच्या लॉबीबाहेर पक्षी सापडतात. यंदा एक तिबोटी खंड्या सापडला. मुठीत मावेल एवढा जीव, अंगावर जांभळा, केशरी, पिवळा असे सगळे रंग, आणि मान लुळी पडलेली. त्यानंतर एक नवरंग, तो जिवंत होता; फरशीवर डोळे अर्धवट मिटून बसलेला. अजून एक हिरवट-मातकट चिमुरडं होतं, ते कुणालाच ओळखता आलं नाही. एरवी वर्षभर कबुतरांची पिसं सोडली तर काही नसतं.

मी सोसायटीची सेक्रेटरी (दुसरं कुणी तयार नव्हतं). मीटिंगमध्ये विषय काढला तर एक काका म्हणाले, "पक्ष्यांना डोळे नसतात का? एवढी चौदा मजली इमारत दिसत नाही?" सगळे हसले. पण खरं सांगायचं तर प्रश्न रास्त आहे आणि मला उत्तर देता आलं नाही. दिवे तर वर्षभर असतात, मग हे त्या दोनेक आठवड्यांतच का? निळ्या पट्ट्या काढून हिरव्या किंवा पिवळ्या लावल्या तर भागेल का? वार्षिक सभेत ठराव आणायचा आहे, तेव्हा लोकांना पटेल असं काहीतरी ठोस हवंय. "माणूस निसर्गापासून दुरावला" छाप उत्तरं कृपया नकोत, ती मलाही देता येतात.

---

तात्या_ठाणेकर

मांजर असेल.

आमच्याकडे खाडीच्या काठाने रात्रभर झगझगीत दिवे आहेत आणि फ्लेमिंगो दरवर्षी हजारोंनी येतात. २०२४ च्या मे महिन्यात घाटकोपरला तीस-चाळीस फ्लेमिंगो पडले ते विमानाला धडकून, दिव्याला नाही. उगाच दिव्यांना बोल कशाला? दिवे घालवले की आधी सायकली जातात, मग गाड्यांच्या बॅटऱ्या. आणि उद्या म्हणाल दिवाळीत कंदीलही लावू नका.

---

सांगलीहून_शिकागो

मृगाचाकिडा, काकांना सांगा की डोळे आहेत म्हणूनच हे होतं.

मी मूळची सांगलीची, बरीच वर्षं शिकागोत आहे. इथे वसंतात आणि शरदात, स्थलांतराच्या दिवसांत, उजाडायच्या आत शहराच्या मधल्या भागात फिरून इमारतींच्या पायथ्याशी पडलेले पक्षी उचलणारा स्वयंसेवकांचा एक गट आहे. २००३ पासून चालू आहे. मीही त्यात जाते. एका हातात जाळी, खांद्यावरच्या पिशवीत कागदी पाकिटं. जिवंत पक्षी पाकिटात घालून, तोंड दुमडून चिमटा लावायचा आणि गाडीने शहराबाहेरच्या वन्यजीव केंद्रात पोचवायचा. मेलेला असेल तर पाकिटावर जागा आणि वेळ लिहायची. तो फील्ड म्युझियम या इथल्या निसर्ग-इतिहासाच्या संग्रहालयात जातो. झाडूवाले आमच्याआधी पोचले की तो पक्षी कुठल्याच नोंदीत येत नाही. म्हणून ती पहाटेची घाई.

आता तुमचं "त्या दोनेक आठवड्यांतच का".

लांबवर जाणारे बहुतेक लहान पक्षी रात्री उडतात. हवा थंड आणि शांत असते, शिकारी पक्षी झोपलेले असतात, आणि दिवस पोट भरायला मोकळा राहतो. दिशा ते दोन-तीन गोष्टींवरून ठरवतात. एक म्हणजे तारे. स्टीफन एम्लेन नावाच्या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९६० च्या दशकात इंडिगो बंटिंग हे चिमणीच्या चणीचे निळे पक्षी तारांगणात नेले. नरसाळ्याच्या आकाराचा टीपकागद, तळाशी शाईचा पॅड, वर जाळी. पक्षी ज्या दिशेला झेपावेल तिकडे कागदावर शाईच्या पावलांचे ठसे. पुढे त्याने काही पिल्लं अशा खोट्या आकाशाखाली वाढवली की जे ध्रुवाभोवती न फिरता मृग नक्षत्रातल्या काक्षी या ताऱ्याभोवती फिरायचं. मोठी झाल्यावर ती पिल्लं काक्षीलाच उत्तर दिशा समजून उडायला निघाली. म्हणजे आकाशातला जो बिंदू हलत नाही तो उत्तर, एवढं ती लहानपणी पाहून शिकतात. दुसरी गोष्ट पृथ्वीचं चुंबकत्व, आणि गंमत म्हणजे तेही त्यांना डोळ्यांतूनच कळतं असं बहुतेक अभ्यासक मानतात. नुसत्या तांबड्या प्रकाशात ठेवलं तर हे होकायंत्र बिघडतं, निळ्या-हिरव्यात चालतं. तेव्हा रात्री उडणाऱ्या पक्ष्याचे डोळे हेच त्याचं नकाशाचं घर, आणि त्यावरच तुम्ही फोकस मारता.

निरभ्र रात्री हे पक्षी बरेच वरून, आपल्या इमारतीची दखलही न घेता निघून जातात. ढग खाली आले, भुरभुर सुरू झाली की तारे जातात, पक्षी ढगाखाली उतरतात आणि शहराचा उजेड ढगावरून परतून सगळीकडे पसरतो. त्या धूसर उजेडात एकच झगझगीत ठिकाण दिसलं की पक्षी त्याच्या कक्षेत शिरतो आणि बाहेरच्या अंधारात पुन्हा जायला धजत नाही. गोल गोल फिरतो, ओरडतो, दमतो. तुमच्याकडे तिबोटी खंड्या आणि नवरंग नेमके पावसाच्या तोंडावर दक्षिणेकडून येतात, आणि कोकणात ढग खाली यायचे दिवसही तेच. दिवे वर्षभर असतात, पण पक्षी, ढग आणि दिवे हे तिन्ही एकाच रात्री जमतात ते याच दिवसांत. तिबोटी खंड्याचं हे रात्रीचं आदळणं सिंगापूरकडेही नोंदलं गेलंय. हा पक्षी एरवी ओढ्याकाठच्या गर्द सावलीत राहणारा, चौदा मजल्यांच्या उंचीवर त्याचं दुसरं काही काम नाही.

ठोस हवंय म्हणालात, तर सभेत एकच गोष्ट सांगायची झाल्यास न्यूयॉर्कची सांगा. ११ सप्टेंबरच्या स्मरणार्थ तिथे दरवर्षी एक रात्र प्रकाशाचे दोन झोत आकाशात सोडतात. सात-सात हजार वॉटचे ८८ झेनॉन दिवे. तारीख अशी की स्थलांतराच्या ऐन मध्यावर येते. अभ्यासकांनी २००८ ते २०१६ मधल्या सात रात्री रडार लावून मोजणी केली आणि २०१७ साली ती छापून आली. सात रात्रींत मिळून सुमारे ११ लाख पक्षी त्या झोतांच्या प्रभावात आले होते. झोताजवळ पक्ष्यांची दाटी आजूबाजूच्या वीसपटीपर्यंत जायची. पण मला त्यात सगळ्यात मोलाचं वाटतं ते पुढचं: दिवे बंद केले की काही मिनिटांत रडारवरची गर्दी विरून जायची. पक्षी परत आपल्या वाटेला लागायचे. आजही तिथे निरीक्षक दुर्बिणी घेऊन बसतात आणि झोतात हजारावर पक्षी दिसले की दिवे वीस मिनिटं बंद ठेवतात. स्मारकही राहिलं, कुणाच्या भावनाही दुखावल्या नाहीत.

प्लास्टिक, सांडपाणी, धूर हे बंद केलं तरी त्याचा मागचा साठा वर्षानुवर्षं पुरतो. प्रकाशाचा साठा होत नाही. बटण दाबलं की संपलं. म्हणून मला तुमच्या कमिटीकडून मोठी आशा आहे, हे काम तुम्हाला खरंच एका संध्याकाळीत करता येण्यासारखं आहे.

आता आमच्या गावची गोष्ट, कारण तिच्यात तुमच्या लॉबीचं उत्तर आहे. मिशिगन सरोवराच्या काठावर मॅकॉर्मिक प्लेस नावाचं प्रदर्शन केंद्र आहे. उंच नाही, पण काचच काच. फील्ड म्युझियमचे डेव्हिड विलार्ड यांनी १९७८ साली कुणीतरी सांगितलं म्हणून तिथे चक्कर मारली, दोन मेलेले पक्षी मिळाले, आणि मग ते हंगामातल्या सकाळी जातच राहिले. त्या एका इमारतीने म्युझियमला दिलेले पक्षी ४० हजारांवर गेले. प्रत्येकाचं माप घेऊन वहीत नोंद. शिकागोच्या काचांवर आदळून मेलेल्या ७० हजारांवर पक्ष्यांच्या अशाच मापांवरून २०१९ मध्ये कळलं की चार दशकांत पक्ष्यांची शरीरं लहान आणि पंख किंचित लांब होत चाललेत. एवढी चिकाटी माझ्याच्याने झाली नसती.

त्याच नोंदींतून दुसरी गोष्ट निघाली. विलार्ड नुसते पक्षी मोजत नव्हते, कुठल्या खिडक्यांत रात्री दिवा होता तेही लिहून ठेवत. काळोख्या खिडकीखाली पक्षी कमी, उजळ खिडकीखाली जास्त, इतका सरळ हिशोब. २०२१ च्या अभ्यासात असं निघालं की उजळ खिडक्या कमी केल्या तर मृत्यू सुमारे ६० टक्क्यांनी घटू शकतात. सगळा अंधार कुणी मागत नाहीये, तात्या.

आणि मग ५ ऑक्टोबर २०२३. त्याआधी बरेच दिवस दक्षिणेचा वारा होता, पक्षी उत्तरेत तुंबून बसलेले. त्या रात्री वारा फिरला आणि सगळे एकदम निघाले. पहाटे पाऊस आणि खाली उतरलेले ढग. सकाळी त्या एका इमारतीपाशी हजाराला थोडे कमी पक्षी मेलेले मिळाले. बहुतेक वॉर्बलर, म्हणजे आपल्या वटवट्याएवढे, दहा-बारा ग्रॅमचे. मी त्या दिवशी तिथे नव्हते, शहराच्या मधल्या भागात होते. आमचीही पाकिटं संपली, मग एका कॉफीवाल्याकडून त्याच्या पिशव्या मागून घेतल्या.

एवढं झाल्यावर इमारतीच्या मालकांनी २०२४ च्या उन्हाळ्यात सगळ्या काचांवर ठिपक्यांची फिल्म लावली. त्या शरदात मृत्यू जवळजवळ ९५ टक्क्यांनी कमी झाले. दिवा पक्ष्याला रात्री खाली ओढतो. तो कुठल्यातरी शोभेच्या झाडावर टेकतो. उजाडल्यावर भुकेला पक्षी काचेतलं आकाश खरं समजून झेप घेतो. मांजराचं म्हणाल तर ते नंतर येतं, आयतं. तुमचे पक्षी गच्चीवर न सापडता लॉबीच्या काचेखाली सापडतात हे लक्षात घ्या.

रंगाबद्दल. हॉलंडच्या समुद्रात तेल-वायूच्या फलाटांवर हिरवे दिवे लावून पाहिले होते, तेव्हा तांबड्या-पांढऱ्यापेक्षा कमी पक्षी घुटमळले. पण इतरांच्या प्रयोगांत वेगळंच निघालं, कुठे निळा-हिरवाच जास्त ओढतो असं. त्यामुळे हिरव्या पट्ट्यांवर पैसे घालू नका. लुकलुकणारा दिवा सतत जळणाऱ्यापेक्षा बरा, हे मात्र पक्कं आहे. टॉवरवरचे स्थिर तांबडे दिवे काढून फक्त लुकलुकते ठेवले तर मृत्यू ५० ते ७० टक्क्यांनी घटतात असं मिशिगनमध्ये दिसलं आणि २०१५ पासून अमेरिकेच्या विमान खात्याने उंच टॉवरांचे नियमही तसे बदलले.

तात्या, घाटकोपरचं तुमचं बरोबर आहे, ते विमानच होतं. त्याला दिव्यांच्या खात्यात टाकणाऱ्यांशी मीही वाद घातलाय. पण खाडीत फ्लेमिंगो येतात ते चिखलातल्या शेवाळासाठी, दिवे आवडतात म्हणून नाही. आणि आकाशकंदील खुशाल लावा. बाल्कनीतला एक मंद दिवा आणि आकाशात मारलेला फोकस यांची तुलना होत नाही.

---

लुमडिंग_पॅसेंजर

वरच्या ताईंनी अमेरिकेचं सांगितलं, मी घरचं सांगतो. मी भुसावळचा, रेल्वेत होतो. ऐंशीच्या दशकात काही वर्षं आसामात लुमडिंगला होतो. तेव्हा मीटर गेज. लुमडिंग-बदरपूर डोंगरी लाइनवर हाफलाँगजवळ जतिंगा म्हणून गाव आहे. त्याचं नाव "पक्षी आत्महत्या करतात ते गाव" असं पेपरात यायचं, अजूनही येतं. आत्महत्या कसली!

सप्टेंबर-ऑक्टोबर, अमावास्येच्या आसपासची रात्र, दाट धुकं, भुरभुर पाऊस आणि दक्षिणेकडून वारा. एवढं जमलं की साधारण सात ते साडेनऊपर्यंत पक्षी उजेडाकडे यायचे. दीडेक किलोमीटर लांब आणि दोनशे मीटर रुंद असा डोंगराचा एक पट्टा, तेवढ्यातच. गावकरी पेट्रोमॅक्स बांबूवर टांगून बसायचे आणि लांब बांबूने पक्षी खाली पाडायचे. पाडलेला पक्षी रात्रीच्या जेवणात. जे पाडावे लागत नसत ते जमिनीवर येऊन बावचळून बसत, हाताने उचलावेत असे. काळे तापस, ढोकरी, खंड्या, नवरंगाच्या भाऊबंदांपैकी एक हिरवा पिट्टा.

आमच्या गँगमधला एक म्हातारा सांगायचा की पूर्वी तिथे झेमे नागा राहायचे. आकाशातून पक्षी पडतात म्हणजे भुताटकी, म्हणून ते जागा सोडून गेले. मागून आलेल्या जैंतिया लोकांनी ती आकाशातून आलेली देणगी मानली. ई. पी. गी नावाच्या चहामळेवाल्या निसर्गप्रेमी साहेबाने हे बाहेरच्या जगाला कळवलं, सलीम अलींनी त्यात लक्ष घातलं, १९७७ साली प्राणिसर्वेक्षण खात्याचे सुधीर सेनगुप्ता तिथे अभ्यासाला गेले.

एक फरक आहे तो सांगतो. जतिंगाचे बरेच पक्षी लांबचे प्रवासी नसतात, आसपासच्या पाणथळीतलेच असतात, पुरात घर बुडालं म्हणून हललेले. पण धुकं, काळोख, वारा आणि एक पेट्रोमॅक्स हे गणित तेच. एका पेट्रोमॅक्सने हे होतं तर चार फोकसने काय होईल बघा.

पुढे गावात बरंच प्रबोधन झालं, शिकार पुष्कळ कमी झाली म्हणतात. मी परत गेलो नाही.

---

वायरमन_डोंबिवली

मी सोसायट्यांची लायटिंगची कामं घेतो. हे असले वॉलवॉशर (भिंतीवर उजेड मारणारे दिवे) आणि पट्ट्या मीच लावतो, त्यामुळे माझ्या पोटावर पाय येणार असं वाटलं होतं 😀 पण काम उलट वाढेल.

ताई, आधी एक. गच्चीच्या सर्वांत वर, टाकीच्या माथ्यावर तांबडा दिवा असेल तर त्याला हात लावू नका. तो विमानांसाठी आहे आणि उंच इमारतीला नियमाने लागतो. बाकी सगळं तुमच्या हातात.

अक्षरांवरचे फोकस २०० वॉटचे धरू. चार म्हणजे ८००. पट्ट्या, तीन इमारतींच्या मिळून, ड्रायव्हरसकट ६०० तरी असतील. दीड किलोवॉटला थोडं कमी. रात्री दहा ते सकाळी सहा बंद ठेवले तर रोज ११ युनिट वाचतात, महिन्याला साधारण ३३५. हा आकडा सभेत आधी सांगा, पक्षी नंतर. अनुभवावरून बोलतोय.

वॉचमनच्या आठवणीवर ठेवू नका, टायमर लावा. साधा चोवीस तासांचा डायलवाला टायमर लाईट गेली की मागे पडतो, त्यामुळे बॅटरी बॅकअपचा डिजिटल घ्या. थेट टायमरवर लोड देऊ नका, कॉन्टॅक्टर (जास्त लोड पेलणारा स्विच) मध्ये घ्या, नाहीतर टायमरचे पॉइंट चिकटतात आणि दिवे बंदच होत नाहीत. मग लोक म्हणतात टायमर बेकार.

फोकस ठेवायचेच असतील तर खालून वर मारू नका. अक्षरांच्या वरून खाली तोंड करून लावा आणि बाजूंना पत्र्याचं शेड मारा. खालून वर मारलेला निम्मा उजेड अक्षराला लागतच नाही, सरळ आकाशात जातो. त्याचे पैसे तुम्ही भरता. दिव्याच्या खोक्यावर ६५०० के (केल्विन, म्हणजे उजेडाची छटा) लिहिलेलं असेल तर तो निळसर पांढरा. बदलाल तेव्हा ३००० के किंवा त्याखालचा घ्या. कमी वॉटचा पुरतो, डोळ्यालाही बरा.

आणि तात्यासाहेब, चोरीचं. पार्किंगचे आणि गेटचे दिवे कोणी बंद करा म्हणत नाहीये. ते खाली तोंड करून राहू देत, मागच्या बाजूला मोशन सेन्सर लावा. कायम जळणाऱ्या दिव्याकडे वॉचमन बघत नाही, फटकन लागला की बघतो. चौदाव्या मजल्यावरच्या फोकसने आजवर एक चोर पकडलेला नाही.

---

मृगाचाकिडा

सगळ्यांचे आभार. काक्षीची गोष्ट काकांना सांगितली. ते खगोल मंडळवाले निघाले! आता टीपकागदाचं नरसाळं करून नातवाला दाखवतो म्हणतात (पक्ष्याशिवाय, हे मी बजावलंय).

शिकागोताई, लॉबीबद्दल विचारते. बी विंगची लॉबी दुप्पट उंच आहे, पूर्ण काच, आत एक कृत्रिम धबधबा आणि कुंड्या. रात्रभर आतले दिवे चालू. समोर जांभूळ आणि पाच-सहा बांबूची बेटं. फिल्मचं कोटेशन मागवलं, ऐकूनच खजिनदार आजारी पडले. स्वस्तात काही? काचेवर ससाण्याचं स्टिकर लावलं तर चालेल का? आणि जिवंत सापडलेल्याचं नेमकं काय करायचं? नवरंगाला वॉचमनदादांनी झाकणाने पाणी पाजायचा प्रयत्न केला होता.

---

सांगलीहून_शिकागो

ससाण्याच्या एका स्टिकरने फक्त त्या स्टिकरएवढीच काच सुरक्षित होते, बाकी काच तशीच. पक्षी त्याला घाबरत नाही, वळसा घालून शेजारी आदळतो. काचेवर चिकटवलेले ठिपके असोत वा रेघा, त्यांच्यातलं अंतर दोन इंचांहून जास्त नको आणि ते बाहेरच्या बाजूने हवेत. आतून लावले तर बाहेरून आकाशाचं प्रतिबिंब तसंच दिसत राहतं. स्वस्तातला उपाय दोऱ्यांचा: काचेच्या बाहेर वरून खालपर्यंत चार-चार इंचांवर (लोंबत्या दोऱ्यांना एवढं अंतर चालतं) जाड नायलॉन दोऱ्या सोडायच्या. अनेक घरांवर लोक हेच करतात. मणी ओवले तर खजिनदारांना सजावट म्हणून खपेल. सुरुवात फक्त बांबूसमोरच्या काचांपासून करा, सगळ्या लॉबीची गरज नसेल. आतल्या धबधब्याचे दिवे मात्र रात्री घालवा. काचेमागे उजेडात कुंड्या दिसणं ही पक्ष्याला आत यायची सूचनाच आहे.

जिवंत सापडला तर पाणी पाजू नका, फुफ्फुसात जातं. बुटांचं खोकं घ्या, भोकं पाडा, तळाशी जुना सुती कपडा, आणि खोकं बंद करून अंधारात, शांत, मांजर-मुलांपासून दूर ठेवा. सारखं उघडून फोटो काढू नका, हेच सगळ्यात अवघड जातं लोकांना. धक्का ओसरला की आत खडखड ऐकू येते; मग झाडांजवळ नेऊन झाकण उघडायचं. उडत नसेल, पंख लोंबत असेल तर वनखात्याची १९२६ ही हेल्पलाइन आहे. मेलेला पक्षीही घरात ठेवू नका, वन्यजीव कायद्याच्या भानगडी होतात. पण तारीख, वेळ, कुठल्या काचेखाली, त्या रात्री ढग होते का आणि कोणते दिवे चालू होते, हे वॉचमनदादांच्या रजिस्टरमध्ये लिहून ठेवायला सांगा. फोटोखाली एवढं असलं तरी पुरे. कोकणात अशा नोंदी फार विखुरलेल्या आहेत.

तो हिरवट-मातकट पक्षी फोटोशिवाय मीही सांगू शकणार नाही.

---

तात्या_ठाणेकर

महिन्याला ३३५ युनिट हे आधी सांगायचं होतं. आमच्या सोसायटीत तर अख्खी इमारत रंग बदलते, जांभळी काय, हिरवी काय. बिल मीच बघतो. वायरमनसाहेब, तो डिजिटल टायमर थ्री फेजला चालेल का?

मांजराचं माझं मत कायम आहे.

---

वायरमन_डोंबिवली

चालेल. टायमर सिंगल फेजचाच घ्या, कॉन्टॅक्टर चार पोलचा घ्या. रंग बदलणाऱ्यांचा कंट्रोलर वेगळा असतो, त्याच्यात बहुतेक वेळापत्रक टाकता येतं, फक्त पासवर्ड लावणाऱ्याकडे असतो. तो आता फोन उचलतोय का ते बघा आधी.

---

मृगाचाकिडा

कमिटीत मंजूर झालं: पट्ट्या फक्त दिवाळीचे चार दिवस, तेही दहापर्यंत. अक्षरांचे फोकस दहाला बंद, टायमर या शनिवारी लागतोय. लॉबीच्या दोऱ्यांवर वाद आहे, "चाळीसारखं दिसेल" असा आक्षेप आलाय. तो वार्षिक सभेत. कुणी मणी घातलेल्या दोऱ्या प्रत्यक्ष लावल्या असतील तर फोटो टाका, दाखवायला लागतील.